किंमत वाढवण्याचा माझा उपाय

आमच्या हळर्ण गावच्या नदीत मी एकदा दीड हजार वर्षांचा इतिहास फेकला, तोही नेम धरून.

झालं असं की, माड लावायला परसात खड्डा खणताना आमच्या हिला तांब्याची दोन नाणी मिळाली. काळी, वेडीवाकडी, एकाच छापाची. हिचे थोरले भाऊ विष्णूमास्तर डिचोलीला शाळेत शिकवत आणि जुनी नाणी जमवत. गोवा मुक्त झाल्यावर लोक पोर्तुगीज नाणी मोडीत घालायला निघाले, तेव्हा हा माणूस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भंगारवाल्यांसमोर उकिडवा बसून एकेक नाणं चाळायचा! मी एक नाणं खिशात टाकून त्यांच्याकडे गेलो. (दोन्ही नेली तर एक मागून घेतील, ही भीती!)

मास्तरांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं.

"भावोजी, अक्षरां दीड हजार वर्षांपूर्वीची! असां नाणां मी आजवर बघूक नाय! खंयच्याच पुस्तकात नाय. जगात बहुतेक ह्या एकच!"

पुढचा अर्धा तास ते काय बोलले देव जाणे. मी मनात घरावर नवी मंगलोरी कौलं चढवत होतो. परतीच्या बसमध्ये मात्र मला घाम फुटला. एकच कसलं? घरी दुसरं आहे की! म्हणजे भाव निम्मा! बसमधून उतरलो तो तडक घरी, दुसरं नाणं उचललं आणि नदीत भिरकावलं.

"अहो, न्हंयत काय टाकलात?" काठावर धुणं धुणाऱ्या हिनं विचारलं.

"किंमत वाढवली!" मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मास्तर पुस्तकांची पिशवी घेऊन हजर.

"बोला मास्तर, किती येतील?"

"काय नाय."

"काय नाय?"

"दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे, भावोजी. तुमच्यासारखां हस्ताक्षर जगात दुसरां नाय. कोण पैसे देता? हेच्यावर राजाचां अर्धां नाव झिजलां. बिननावाच्या नाण्याक गिऱ्हाईक नाय. ह्याच छापाचां आणखी एक गावलां, तर अक्षरां जुळवून नाव वाचता येतलां. मगे बघा, लोक शोधीत येतले!"

मी मान वर करून घराची जुनी कौलं मोजू लागलो. ही माझ्याकडे बघत होती.

"दादा, दुसरां होतां," ती म्हणाली आणि तिनं नदीकडे बोट केलं.

आता हे कडाडणार, म्हणून मी डोळे मिटले. तर मास्तर डॉक्टरच्या आवाजात विचारतात, "उजव्या हातान टाकलात की डाव्या?"

धोतर खोचून, आमची तांदळाची चाळण घेऊन ते ओहोटीच्या पाण्यात उतरले. असे तीन रविवार! शेजाऱ्यांना मी 'अंगठी पडली' असं सांगितलं. दुसऱ्या रविवारपर्यंत ती हिऱ्याची झाली आणि अख्खी वाडी पाण्यात! दोन चमचे, एक कुलूप आणि कुणाची तरी कवळी सापडली. नाणं नाही. मास्तरांनी मला जराही बोल लावला नाही. उलट म्हणाले, "चूक माझी. तुमका आधीच समजावक होयां होतां." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेलं नाणं मी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं.

पुढे एकदा त्यांचं कपाट बघितलं. चांदीची, ठळक शिक्क्यांची, मोलाची नाणी खाली. आमचं काळं नाणं सगळ्यात वर, कापसावर.

"ह्याला किंमत नाही ना?" मी विचारलं.

"नाय. पण रोज सकाळी आधी ह्याच बघतंय."

खाली त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी होती : 'राजा : अज्ञात. ज्ञात नमुने : दोन. पैकी एक नदीत, भावोजींच्या शुभहस्ते.'