परत टाकलेलं वचन

आमच्या तांबरमच्या तमिळ मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळी, उपासना संपली की वचनाचं कार्ड काढायची पद्धत आहे. वेदीजवळ एक बाई ताट धरून उभी असते, ताटात पालथी कार्डं. आपण एक उचलायचं आणि त्यावरचं शास्त्रवचन देवाने वर्षभरासाठी आपल्याला दिलं असं धरायचं. लग्न होऊन नगर जिल्ह्यातून इथे आले तेव्हापासूनची माझी सगळी कार्डं फ्रिजवर ओळीने चिकटवलेली आहेत. एकापेक्षा एक गोड. भिऊ नको, मी आहे, तुझं भलं करीन.

यंदा नव्या पाळकसाहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आशीर्वादांच्या जोडीला आज्ञाही घातल्या. माझ्या हाती नेमकी आज्ञा आली. अर्थ असा, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलीस आणि कुणाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये.

वाचून अंगाचा तिळपापड झाला. मी ते कार्ड गुपचूप ताटात परत टाकलं आणि दुसरं काढलं. हिरवी कुरणं निघाली. हां, याला म्हणतात वचन!

ताट धरणारी बाई सत्तरीतली, निवृत्त नर्स. तिच्या नजरेतून काय सुटणार? "टीचरम्मा, पुन्हा काढायचं नसतं," ती तमिळमध्ये म्हणाली. मी रविवारच्या शब्बाथशाळेत बालवर्ग घेते, म्हणून सगळे मला टीचरम्मा म्हणतात. "चुकून दोन आली हातात," मी म्हटलं. देवळात, वेदीसमोर, वर्षाच्या पहिल्याच सकाळी धडधडीत खोटं! तिने माझं टाकलेलं कार्ड बरोब्बर शोधून परत हातात ठेवलं. "वीस वर्षं पोरांना दूध पाजताय," ती म्हणाली, "तुम्ही स्वतः भात कधी खाणार?"

म्हातारीचा असा राग आला म्हणून सांगू! पण ती खोटं बोलली नव्हती. वीस वर्षं मी तेच, पोरांना पचेल एवढंच, शिकवत होते. हरवलेलं मेंढरू, देव प्रेम करतो, एकमेकांना क्षमा करा. आणि माझी सख्खी थोरली बहीण याच शहरात, अण्णा नगरला राहत होती, तिच्याशी मी चार वर्षं बोलले नव्हते.

आई ताईकडे असायची. माझ्या लेकीची बारावीची परीक्षा चालू होती तेव्हा आईला हॉस्पिटलात ठेवलं, आणि परीक्षा होऊ दे म्हणून ताईने मला कळवलंच नाही. कळवलं ते आई गेल्यावर. या गोष्टीची क्षमा करायची? मी का करायची? चार वर्षं माझं हेच पालुपद. आता ताईचे यजमान निवृत्त झाले होते आणि महिनाअखेर दोघं कायमची नगरला निघणार होती. हे मला कळलं होतं, आणि कळूनही मी गप्प बसले होते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर-द्राक्षारस घ्यायला सगळी रांग वेदीकडे गेली, मला मात्र उठवेना. घरी आले, साडी बदलली आणि नवऱ्याला म्हटलं, "मी ताईकडे चाललेय." तो बिचारा जेवता जेवता थांबला.

लोकलमध्ये बसून मी वाक्य घोकलं, "ताई, मी तुला माफ केलं." किती मोठेपणा! गिंडीला मेट्रो धरली आणि पुन्हा कार्ड वाचलं. तेव्हा डोळे उघडले. त्यात माझ्या मनात कुणाविरुद्ध काय आहे ते विचारलंच नव्हतं. ताईच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, ते विचारलं होतं. आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. आईच्या दफनविधीला, सगळ्या भाऊबंदांसमोर, पेटी खाली उतरत असताना मी ताईला म्हणाले होते, "तू मारलंस आईला." दोन वर्षं आईचं हगणंमुतणं काढलेल्या बहिणीला. परत फिरावंसं वाटलं, पण म्हटलं, नाही, आता माघार नाही.

दार ताईनेच उघडलं. मागे खोक्यांचा ढीग. मी उंबऱ्यातच बोलून टाकलं, "ताई, कबरीपाशी मी जे बोलले ते पाप होतं. मला क्षमा कर." आईच्या हॉस्पिटलाचं अक्षर काढलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं.

ताईने दाराची कडी धरून ठेवली. मग म्हणाली, "चार वर्षं रोज तेच ऐकतेय मी. माफबिफ मला आत्ता जमायचं नाही." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "भांडी बांधायची राहिलीत. हात लावणार असलीस तर लाव."

मी हात लावला. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, रोज तांबरमहून अण्णा नगर. ताई कामापुरतं बोलायची. वर्तमानपत्र दे, सुतळी कुठंय, तो पातेल्यांचा खोका जड करू नकोस. चौथ्या दिवशी शेवटचा खोका चिकटपट्टीने बंद झाला आणि मी चपला घातल्या.

"उद्या येशील ना?" ताईने विचारलं.

"आता बांधायला काय उरलंय गं?"

"काही नाही. नुसती ये."