पोत्याखालचा नळ

धाकट्या भावाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी वडनेरची. दोघांची पसंती झाली होती, बैठकीची तारीख काढायची तेवढी बाकी होती. मग मुलीच्या आत्यानं मोबाइलवर एक फिल्म पाहिली आणि मुलीच्या वडिलांचा फोन आला, एकदा तुमचं घर पाहून घेतो म्हणून. फोनवर ते फार गोड बोलले. त्या गोडव्यानंच माझं डोकं फिरलं. मी पिपरी मेघेहून आदल्या दिवशीच रोहण्याला माहेरी येऊन बसले.

फिल्ममध्ये आमची आई होती.

मागे एकदा मोठ्या शहरातून तिघं जण कॅमेरा घेऊन आले होते. खेड्यांतल्या पाण्याच्या हालांवर फिल्म करायची आणि ती परदेशात दाखवायची, असं त्यांचं काम. चांगली पोरं होती, आईच्या हातचं पोटभर जेवली. आमच्या अंगणात नळ पाहून मात्र हिरमुसली. विहिरीवरून एक हंडा आणून दाखवता का, असं त्यांनी आईला विचारलं. पाहुण्यांचं मन कशाला मोडायचं, म्हणून ती हो म्हणाली. भावाची मोटरसायकल त्यांनी भिंतीआड ढकलली. नळ चित्रात येत होता, त्यावर कापसाचं रिकामं पोतं टाकलं. आईला वाटलं, हा सिनेमाच आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला कोणी कधी नाटकात घेतलं नव्हतं, ती हौस तिनं त्या दिवशी भागवून घेतली. कोणी न सांगता ती लंगडली. एकदा तर कमरेवर हात ठेवून उभीही राहिली.

ती फिल्म मी आईला मोबाइलवर दाखवली. वरून एक भारदस्त इंग्रजी आवाज बोलत होता, खाली मराठी अक्षरं येत होती. वर्षानुवर्षं पाणी वाहून या बाईचे पाय निकामी झाले आहेत, घरात पाण्याचा थेंब नाही. आई आधी खुशीत होती, मी बरी चालली ना, असं मला विचारत होती. मी अक्षरं वाचून दाखवली तशी तिनं मोबाइल पालथा ठेवला. तिला लाज वाटली आणि मला संताप आला. पाण्याचे हाल इकडे नाहीतच, असं मी म्हणत नाही. आमच्याच गावाच्या टोकाला मजुरांची वस्ती आहे, तिथल्या बायका उन्हाळ्यात पहाटे उठून खरोखर विहीर गाठतात. पण तिथवर गाडी जात नव्हती. म्हणून ही मंडळी आमच्या अंगणात खोटं रचून गेली.

नळ एक दिवसाआड येतो, तोही सकाळीच. भावानं मुद्दाम तोच दिवस, तीच वेळ कळवली होती. पाहुणे उशिरा आले. मुलीचे वडील आणि आत्या, दोघंच. वडिलांचं वडनेरला किराणा दुकान. खुर्चीवर बसले ते ना भिंतीकडे पाहत होते, ना भावाकडे. आई तांब्या घेऊन आली तेव्हा त्यांची नजर तिच्या पायांवर. चहा आणला, तरी पायांवरच. आईच्या ते लक्षात आलं. ती इतकी जपून पाऊल टाकू लागली की उंबऱ्याला खरंच अडखळली. आत्यानं आपल्या भावाकडे पाहिलं.

चहा संपला तसे मुलीचे वडील उठले, अंगणात गेले आणि त्यांनी नळ सोडला. आधी नुसती हवा आली. मग तीही थांबली. भावाचा चेहरा उतरला. मग नळ दोनदा गुरगुरला आणि धार लागली. आता सुटलो, असं मला वाटलं, पण त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"बाई, तुमी नळापाशी उभ्या राहा. हंडा भरा अन् इकडे चालत या. जरा हसा. घरी साऱ्याइले दाखवा लागते."

भावानं आईला डोळ्यांनी विनवलं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की तिनं चालावं, हसावं आणि एकदाचं हे निपटावं. आईनं पुढे होऊन नळ बंद केला.

"नाई भाऊ. आता माह्यं चित्र नाई काढायचं. तुमी डोयानं पाह्यलं ना?"

"पाह्यलं. पण घरचे इचारतीन तं काय दाखवू?"

"दाखवू नका, सांगा. तुमच्या सांगण्यावर पोरीचा भरोसा नाई काय?"

त्यांनी मोबाइल खिशात घातला. मग तारखेचा शब्दही न काढता दोघं निघून गेले. भाऊ दिवसभर आईशी बोलला नाही. मीही तिच्यावर चिडले होते. संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला, बैठक करू म्हणाले.

लग्न झालं. वहिनी गुणाची आहे, आईला फार जपते. फिल्म तिनंही पाहिली आहे. ते सगळं नाटक होतं, माझे पाय धडधाकट आहेत, असं आईनं तिला कितीदा तरी सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेते, हो म्हणते, आणि आईच्या हातातला भरलेला हंडा काढून घेते.