डोहातलं शेवटचं पाणी

दिघोरीच्या तलावाचं पाणी शेताशेताला वाटण्यात पाणकर इश्वरचे केस पिकले. उन्हाळ्यात लोकांनी कितीही कल्ला केला, तरी मधल्या डोहात कंबरभर पाणी राखूनच तो मोरी बंद करी. ते पाणी तलावातल्या आईचं. ते आटलं तर ती गावात येते, असं त्याचा बाप सांगून गेला होता.

यंदा गुडघे धरले, म्हणून महिनाभर तो तलावाकडे फिरकला नव्हता. वाढत्या उन्हात तलाव कसे आटतात ते मोजणारी हर्षा ओसरीत येऊन बसली. तिनं लॅपटॉपवर उपग्रहानं टिपलेली तीस वर्षांची चित्रं दाखवली. दर मे महिन्यातला निळा डाग लहान होत गेला होता. शेवटच्या चित्रात तो नव्हताच.

"डोहात पाणी हाये," इश्वर म्हणाला.

"नाही, काका. वीस दिवस झाले, तिथं थेंब नाही."

इश्वरची नजर अंगणातल्या रांजणाकडे गेली. सकाळी काठोकाठ भरलेला रांजण वीस दिवसांपासून दुपारी रिकामा सापडत होता, आणि तो रोज सुनेवर खेकसत होता.

हर्षा गेल्यावर त्यानं सुनेला हाक मारली. "अंजू, उद्यापासून दोन रांजण भरत जाय," तो हळूच म्हणाला. "अन् झाकण नको ठेवू."