दोन बोटं माया

मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई आहेत. मशीनच्या वर भिंतीवर क्रूस, गळ्यात टेप. गिऱ्हाइकानं कुणाची कुचाळकी सुरू केली, की त्या चार टाचण्या ओठांत धरतात. मग हूं नाही की चूं नाही. समोरचीच कंटाळून गप्प होते.

"असं का करता?" मी एकदा विचारलं.

"चर्चमधी स्वतःच्याच चुकांची माफी मागायला रविवार पुरत नाय, ताई. दुसऱ्यांच्या कवा काढू?"

गेल्या महिन्यात माझा ब्लाउज घट्ट झाला. खरं तर फुगले होते मीच, पण बाईंनी बिघडवला म्हणून गल्लीभर सांगत सुटले. शेवटी तो घेऊन दुकानात गेले, तर शेजारीण माझंच बोलणं तिखटमीठ लावून त्यांना ऐकवत होती. बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. हातात मात्र शिवणकाम नव्हतंच. चहाचा कप होता, गार झालेला.

मला बघताच शेजारीण सटकली. बाईंनी एकेक टाचणी काढली. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी.

त्या हसल्या. "आणा इकडं. आत दोन बोटं माया ठेवलीय मी. सैल करून देते."