डोहाळे सुनेचे, भिंत खाल्ली मी

गेवराई तालुक्यात ज्या ज्या चिंचेवर हडळ राहते असं लोक सांगतात, त्यातल्या बहुतेक चिंचांशेजारच्या खांबावर मी चढलेलो आहे. वीज खात्यात लाइनमन होतो. मसणवट्याजवळच्या डीपीत फ्यूज टाकायला गेलो की बरोबरचा जोडीदार रामनाम घेत लांब उभा राहायचा. मी त्याला म्हणायचो, "भुताला काय भेतो बे, करंटला भे!" सगळ्या नोकरीत मला एकही हडळ भेटली नाही. शॉक मात्र बसले.

त्यामुळं या भुताखेतांच्या सदरातले अनुभव वाचून मी आजवर मनातल्या मनात हसत आलो. आज मीच लिहायला बसलोय... कारण माझ्या घरात एक गोष्ट घडली आणि तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. त्यात माझ्यामुळं माझ्या सुनेच्या नावाला डाग लागला. तो पुसायचा आहे.

आमच्या पैपाहुण्यांत सांगतात ना, की चकलांब्याच्या मनीषानं पोटुशी असताना घराची भिंत पोखरून खाल्ली — ते साफ खोटं आहे. भिंत मी खाल्ली.

आता पहिल्यापासून सांगतो.

आमचं घर चकलांब्यात. पुढच्या खोल्या स्लॅबच्या, पण मागची एक खोली जुनी, मातीच्या भिंतींची. तिच्यात धान्याची कणगी आणि कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली गाठोडी, असतात. घरात मी, माझी बायको शेवंता, मुलगा संतोष आणि सून मनीषा. संतोषचं गेवराईला मोटारसायकलींचं गॅरेज आहे. मनीषा पाटोद्याच्या पलीकडची, डोंगरातल्या गावची. तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

कापूस वेचून झाला होता. एका सकाळी शेवंतानं पिठल्याला फोडणी दिली आणि त्या वासानं माझ्या पोटात असं ढवळलं की मी अंगणात जाऊन ओकलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बिडीचा वास सहन होईना, म्हणून बिडी सुटली — डॉक्टरांनी सांगून जी सुटली नव्हती ती! वर आंबट खायची अशी हाव सुटली की मी कच्च्या चिंचा मीठ लावून खाऊ लागलो.

शेवंता म्हणाली, "या वयात चिंचा? तुमाला काय दिवस गेलेत का?"

सगळे हसले. मनीषाही पदर तोंडाला लावून हसली. ती पोटुशी आहे हे तेव्हा तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मला अनेकांनी म्हटलं की सुनेचं बघून तुमच्या मनानं घेतलं असेल. बघायला तेव्हा काही नव्हतंच.

मग एका दुपारी शेवंतानं मागची खोली पोतारायला घेतली. भिंतीवरून ओल्या पांढऱ्या मातीचा बोळा फिरला, आणि तो वास आला... माझ्या तोंडाला अक्षरशः धार लागली. मी बाजेवर पडून राहिलो, कूस बदलली, देवाचं नाव घेतलं. शेवटी शेवंता धुणं वाळत घालायला गेली तसा उठलो, कणगीमागं गेलो, नखानं एक पोपडा काढला आणि तोंडात टाकला. खोटं कशाला बोलू? पेढा झक मारतो.

पुढच्या काही दिवसांत कणगीमागं चांगला नारळाएवढा खड्डा पडला.

त्याच सुमाराला मनीषाची तपासणी झाली आणि गोड बातमी कळली. घरात आनंदीआनंद. शेवंतानं तर पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला — "काय खाऊ वाटतंय गं? सांग, लाजू नको."

"काहीच न्हाई, आत्याबाई."

"असं कसं काहीच न्हाई? मला संतोषच्या वक्ताला भाजके बोंबील खाऊ वाटायचे, माळकऱ्याच्या घरात!"

शेजारणी आल्या की तेच विचारायच्या. मनीषा बिचारी दर वेळी काहीतरी नाव सांगायची — कधी कैरी, कधी बोरं. आणून दिलं की एक घास खाऊन बाजूला ठेवायची. ना उलटी, ना मळमळ, ना कशाची इच्छा. आणि इकडं मी तिच्या उरलेल्या कैऱ्यांवर डोळा ठेवून.

मग शेवंताला कणगीमागचा खड्डा दिसला.

घरात एक गरोदर बाई आणि भिंतीला नखांचे ओरखडे. दुसरा कुणी संशय घेईल का? मिशीवाल्या सासऱ्यावर? तपासणीच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, माती-बिती खाता का? मनीषाच्या आधी शेवंता बोलली, "खाती की! भिंत पोखरली हिनं!"

"आईशप्पथ न्हाई हो, बाई!" मनीषा म्हणाली.

"सगळ्या असंच म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं.

मी शेजारीच होतो, फाइल धरून. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? हातात मोबाइल, खांद्यावर उपरणं, आणि तोंडानं म्हणायचं 'बाई, ती माती मी खातो'? मी फाइलची पानं चाळत राहिलो.

त्या दिवसापासून शेवंता मनीषाला मागच्या खोलीत एकटी जाऊ देईना. वाईट मनानं नाही, नातवंडाच्या काळजीनं. पण माझी धाकटी मेव्हणी गेवराईहून बघायला आली, तिनं तो खड्डा पाहिला आणि मग काय... सगळ्या नात्यागोत्यात बातमी. मनीषा गप्प गप्प राहू लागली.

मी आपल्या भिंतीला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि गंमत म्हणजे ते जमलंही. कारण माझ्या जिभेला आता ही माती नकोच होती. दुसरीच कुठली तरी हवी होती. कुठली, ते सांगता येईना. गावातल्या चार घरांच्या भिंती हुंगून आलो, खोटं नाही. त्यातली एकही नाही.

डोहाळजेवणाचं आवतण द्यायला मी एकटाच व्याह्यांच्या गावी गेलो. पाटोद्याहून पुढं जीपनं. या गावात याआधी फक्त एकदाच गेलो होतो, सोयरीक ठरवताना; लग्न आमच्याच दारात झालं होतं. तेव्हा पुढच्या ओसरीवर चहा घेऊन परत फिरलेलो, घर आतून पाहिलेलं नव्हतं. आणि त्या दिवशी जीपमधून उतरलो... तर वास! तोच. जो मी शोधत होतो.

ओसरीवर कुणी नव्हतं. मी हाक मारायला हवी होती, पण पाय थांबेनात. घरातून सरळ मागं गेलो, परसात उतरलो, गोठ्यात शिरलो. तिथं भिंतीला लाकडी गव्हाण लावलेली होती. मी ती दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली. मागं भिंतीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, गुळगुळीत झालेला एक खळगा होता. मी खाली बसलो, बोटानं माती काढली आणि जिभेवर ठेवली.

"अगं बया! इवाई... काय करताय हो हे?"

विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. माझं तोंड भरलेलं.

"दाढ... दाढ दुखायलीय," मी म्हणालो. "माती लावतोय."

"आवो पण गव्हाण कावून सरकवली? अन् तुमाला हा कोपरा कुणी दावला?" त्या जवळ आल्या, खळग्याकडं बघितलं आणि हसायलाच लागल्या. "आमची मनी बारकी असताना इथंच बसून माती खायची! लई मारली तिला, पण सोडंना. मग तिच्या बापानं गव्हाणच आडवी लावली. तिनं सांगितलं का तुमाला?"

माझ्या अंगावर काटा आला. मनीषानं मला कधीच काही सांगितलं नव्हतं. सून सासऱ्याला असलं काही सांगते का? ज्या घरात मी धड गेलो नव्हतो, त्या घरातली, गव्हाणीआड झाकलेली एक जागा माझ्या पायांना माहीत होती.

आणि त्या भांबावलेल्या क्षणी मी ते वाईट काम केलं. स्वतःचं झाकायला बोलून गेलो, "तिनं न्हाई... पण ती आमच्याकडं बी माती खाती म्हणतात."

विहीणबाईंचं हसू गेलं. "अजून खाती? बघतेच तिच्याकडं."

डोहाळजेवणाच्या दिवशी मनीषा हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत इतकी छान दिसत होती. आई आलेली पाहून तिचा चेहरा खुलला. मला वाटतं, तिनं मनाशी धरलं असेल की बाकी कुणी नाही तरी आई आपलं ऐकेल. विहीणबाईंनी ओटी भरली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "लहानपणची सवय गेली न्हाई व्हय गं तुझी? सासरी तरी नाव राखायचं!"

बायका हसल्या. मनीषानं आईकडं फक्त बघितलं. नंतर ती गाण्यांना बसली, फोटोला उभी राहिली, पण त्या नजरेतलं जे विझलं ते विझलंच. मी दारात पत्रावळ्या घेऊन उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

बाळंतपण गेवराईच्या दवाखान्यात झालं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. समोर भज्यांचा गाडा. इतके महिने त्या वासानं मी रस्ता बदलायचो. आणि एकदम... वास चांगला वाटला. पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागली. मी गाड्यावर जाऊन प्लेट मागवली. पहिलं भजं तोंडात घालतोय तोच संतोष पळत आला, "दादा, मुलगी झाली! दोघी बी ठीक हायत!" त्या घडीपासून माती, चिंच सगळं संपलं. बिडी मात्र परत आली नाही, हा नातीचा प्रसाद.

नात स्वरा आता शाळेत जाते. नको तेवढे प्रश्न विचारते. परवा नात्यातल्या एका लग्नात माझी मेव्हणी तिला जवळ घेऊन म्हणाली, "तुझ्या आईनं तुझ्या वक्ताला घराची भिंत खाल्ली, ठाव हाय का?"

स्वरानं आईला विचारलं, "खरंच खाल्लीस?"

"न्हाई गं."

"मग ही आजी खोटं बोलती का?"

मनीषा तिची वेणी नीट करत राहिली. इतक्या वर्षांत ती उत्तर द्यायचंच विसरली होती. आणि आता तिची लेकही तिच्याकडं इतरांसारखीच संशयानं बघत होती.

येताना जीप संतोष चालवत होता, तेव्हा मी बोललो. "ती माती मनीषानं न्हाई खाल्ली. मी खाल्ली."

संतोषनं गाडीच थांबवली. शेवंता म्हणाली, "उन्हानं डोकं फिरलं का तुमचं?" मी सगळं सांगितलं. उलट्या, कणगी, गव्हाण, दाढेची थाप, सगळं. मग मनीषानं एकच विचारलं.

"मामा, त्या कोपऱ्यातल्या मातीची चव कशी होती?"

"आधी खारट," मी म्हणालो. "मग भाजल्या हरभऱ्यावानी. अन् शेवटाला जिभेला गार गार लागती."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतेय का हसतेय ते कळेना. दोन्ही चाललं होतं.

"तशीच," ती म्हणाली. "अगदी तशीच. मामा, सगळ्या विचारायच्या काय खाऊ वाटतं, अन् मला काहीच वाटायचं न्हाई. मला वाटायचं, बाकीच्या बायांवानी मी न्हाई, माझ्यातच काही तरी कमी हाय. रात रात जागायचे मी. अन् तुमी... तुमी माझे डोहाळे खाऊन बसलेलात!"

शेवंता इतकी हसली की तिला उचकी लागली. मग डोळे पुसून सुनेचा हात हातात घेऊन बसली, गाव येईपर्यंत.

माझा एक पुतण्या डॉक्टर आहे. तो म्हणतो, बायको गरोदर असताना काही नवऱ्यांना असं होतं, पुस्तकात आहे. सासऱ्याला झाल्याचं पुस्तकात नाही. आणि गव्हाणीमागचा कोपरा माझ्या पायांना कुणी दाखवला, यावर त्यानं फक्त चष्मा पुसला. मी पोरी-पोरांना सांगतो, माती खाऊ नका, मला नंतर जंताचं औषध घ्यावं लागलं. बाकी मला काही कळलेलं नाही. कुणा वाचकाला कळलं तर जरूर कळवा.

दुसऱ्या दिवशी मनीषानं चहा दिला आणि बरोबर फोनही पुढं केला. "आधी माझ्या आईला सांगा."

मी विहीणबाईंना फोन लावला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

"पण हे झालं कसं, इवाई?"

"मला न्हाई माहीत, इहीणबाई. एवढं माहीत हाय की मनीषा खरं बोलत होती."

त्यांचा आवाज चढला. "आवो, माझ्या लेकीला मी भरल्या बायांत बोलले! तुमच्या त्या दाढेपायी! मिशा कशाला ठेवल्यात हो एवढ्या मोठ्या? अन् लेकरू शपथा घेत होतं तवा..."

मनीषानं माझ्या हाताला हलकेच हात लावला.

"स्पीकरवर टाका, मामा," ती म्हणाली. "आत्याबाईंना आन् स्वराला बी ऐकू द्या."

मी स्पीकरवर टाकला.