चाचणीचे पोते

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. भिलाईत कारखाना उभा राहत होता आणि मी तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. ठाणे म्हणजे पत्र्याची शेड, एक कोठडी आणि तक्रारदारांसाठी एक बाक. चोऱ्या आणि मारामाऱ्या अंगवळणी पडल्या होत्या. पण या गुन्ह्यात फिर्यादी होती एक कंपनी, आणि ती साक्षीला एक आंतरराष्ट्रीय समिती पुढे करत होती.

उंचावर दोर बांधून काम करणाऱ्याला तिथे खलाशी म्हणत. असा एक खलाशी कमरेच्या पट्ट्याचा हूक उघडला गेल्याने चिमणीवरून पडला आणि जागीच गेला. वर त्याच्यासोबत होता त्याच्या बायकोचा भाऊ. हूक बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, या भावानेच हूक कानशीने घासून ठेवला. पुरावा काय? तर हा हूक भिलाईतच, अनेक देशांच्या समितीसमोर, माणसाच्या वजनाचे वाळूचे पोते वरून सोडून तपासला होता आणि सगळ्या देशांसाठी प्रमाण ठरला होता.

"पास झालेला हूक आपोआप उघडत नाही. म्हणजे माणसानं उघडला," असे त्याचे म्हणणे.

हुकावर कानशीचा ओरखडाही नव्हता. मी तसे म्हणालो, तर म्हणे तुम्हाला तो दिसणार नाही! तेवढ्यात वरून फोन आला आणि मला भावाला कोठडीत टाकावे लागले.

भंडाऱ्याकडचा तरणा माणूस. कितीही उलटसुलट विचारले तरी एकच सांगे.

"साहेब, आमी खुर्सीपारात एकाच खोलीत राहतो. माह्याच बहिणीचं घर मी कावून मोडू?"

ती बहीण रोज ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभी राही. आत येत नसे, भावासाठी डबाही आणत नसे. कोठडीतल्या माणसाला घरून डबा आला नाही की आम्ही पोलीस समजतो, घरच्यांनी निकाल लावला आहे. शेवटी मीच तिच्याकडे गेलो.

"कंपनीचे साहेब घरी येऊन सांगून गेले का भावानंच केलं," ती म्हणाली. "खरं हाय का? खरं असन तर मले त्याचं तोंड नाही पाहाचं."

तपास चालू आहे, एवढे सांगून मी तिला घरी पाठवले.

त्याच आठवड्यात कंपनीचा पहारेकरी एक गाय ओढत ठाण्यात घेऊन आला. मागून गाईची मालकीण, एक म्हातारी, शिव्या देत आली. हवालदाराने कपाळाला हात लावला. गाईने कंपनीच्या गोदामामागचे चाचणीचे पोते फाडून खाल्ले, अशी तक्रार होती.

"साहेबांनी सांगतलं होतं, या पोत्याले कोनाचा हात लागू देऊ नको," पहारेकरी म्हणाला.

मी दोघांनाही हाकलून देणार होतो. तेवढ्यात म्हातारी तिच्या छत्तीसगढीत ओरडली, "मोर गाय रेती काबर खाही, साहब?"

खरेच की. गाय वाळू कशाला खाईल? मी पंच घेऊन गोदामामागे गेलो. पोत्यात वर थोडी वाळू आणि खाली सगळा भाताचा कोंडा. पंचनामा केला आणि पोते जप्त केले. ते मी एका हाताने उचलले, तेव्हा राग असा उसळला की पंचांसमोर तोंडातून वाईट शब्द गेला.

इंजिनिअर आधी उडवाउडवी करू लागला. पोते समोर ठेवले तेव्हा बोलता झाला. समितीसमोर वाळूचे पोते नीट वजन करून दाखवले होते. समितीचे साहेब चहाला गेले तेव्हा ते बदलले. हूक खऱ्या वजनाला टिकत नव्हता आणि दुसऱ्या कंपन्या आपापले हूक घेऊन रांगेत होत्या. एकदा आपला हूक प्रमाण ठरला की सगळ्या देशांना तोच घ्यावा लागणार.

"आधी मान्यता घ्यायची, मग हूक सुधारायचा, असं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

"कंपनीनं. साहेब, समितीत सगळेच आपला माल पुढे ढकलतात. यात पोलिसांचं काय काम?"

एक माणूस मेला होता आणि हा मला माझे काम विचारत होता!

त्याला अटक झाली. कंपनीने, हा त्याचा एकट्याचा उपद्व्याप, म्हणून हात झटकले. मी समितीला पोत्याची हकीकत कळवली. उत्तर आले की प्रमाण बदलायला सर्व देशांची संमती लागते, ते पुढील बैठकीत पाहू. तांत्रिक बाबीत पोलिसांनी पडू नये.

भाऊ सुटला त्या दिवशी बहीण पहिल्यांदा ठाण्याच्या आत आली. त्याच्या छातीवर डोके ठेवून खूप रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "आता ते हूक बंद होतीन नं?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग उद्या हा तोच हूक लावून वर चढन. तुमी याले कशातून सोडवलं, साहेब?"

गुन्हेगार कोठडीत गेला की गुन्हा संपला, असे मी तोवर मानत आलो होतो. त्या बाईने ते एका प्रश्नात माझ्या डोक्यातून काढून टाकले. मी तसाच चिमणीच्या ठेकेदाराकडे गेलो आणि दम दिला, उद्यापासून प्रत्येक खलाशाच्या कमरेला दुसरा जाड दोर दिसला पाहिजे, नाहीतर तू माझ्या कोठडीत दिसशील.

"कोणत्या कलमाखाली?" त्याने विचारले.

"तू दोर बांध. कलम मी शोधतो."

दोर बांधले गेले. कलम मात्र मला निवृत्त होईपर्यंत सापडले नाही.