मामांची भट्टी आणि सातवा प्रश्न

आमच्या तंजावरच्या मराठीत एक शब्द आहे, 'सरि'. तमिळमधून आलेला. नुसतं 'सरि' म्हणजे बरं, ठीक आहे. आणि 'सरि करणं' म्हणजे बिघडलेलं ताळ्यावर आणणं. आमच्याकडे सायकल सरि करतात, पंप सरि करतात, रुसलेल्या जावयालाही सरि करतात. या एका शब्दापायी मी माझ्या मामांचं वाटोळं केलं. लोक म्हणतात, तुझा काय दोष? लोकांना म्हणायला काय जातंय!

मामा पापनाशमजवळ एका भाताच्या गिरणीत फिटर होते. उकड्या तांदळासाठी वाफ लागते आणि त्या वाफेसाठी भट्टीत भाताचं तूस जाळतात. त्याची काळी राख उडून शेजारच्या गच्च्यांवर पडायची. तिथे बायकांनी वाळत घातलेले वडाम, म्हणजे आपल्या तांदळाच्या कुरडयांसारखा प्रकार, काळे पडायचे. मग त्या ताटं घेऊन फाटकाशी यायच्या आणि सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मालक मागच्या दाराने पसार, शिव्या खायला मामा.

मामांनी दोन वर्षं त्या भट्टीचा पिच्छा पुरवला. आतली जाळी पायऱ्यांसारखी उतरती केली, खालून हवा सोडली, धुराड्याच्या वाटेत पाण्याची टाकी बसवली. राख मोजायचं यंत्र त्यांच्याकडे कुठलं! आपली धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं धोतर, सकाळी शेजारच्या गच्चीवर पसरायची आणि ऊन उतरायच्या आत उजेडात धरून बघायची. ज्या दिवशी ती पांढरीच राहिली, त्या दिवशी शेजारणीने मामींना ताटभर वडाम आणून दिले. तूसही पूर्वीपेक्षा कमी लागू लागलं.

त्या सुमारास देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि बाहेरची यंत्रं आत येत होती. मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते. एका लांबच्या संस्थेला पाहणीसाठी माणसं हवी होती, मी लागले. कारखानदारीत नव्याने उतरलेल्या देशांत स्वच्छ तंत्र स्वतःचं स्वतः शोधायची कुवत किती, हे मोजायचं होतं. आता त्याला हरित तंत्रज्ञान म्हणतात. प्रश्नावली जाडजूड, प्रत्येक उत्तराला गुण. पेटंट किती, संशोधन विभागात माणसं किती, असं सगळं. भाताच्या गिरणीत संशोधन विभाग! मी स्वतःशी हसायची आणि तरी शून्य लिहायची.

सातवा प्रश्न मात्र कळीचा होता. 'गेल्या तीन वर्षांत प्रदूषण कमी करणारं काही नवीन तंत्र तुम्ही स्वतः तयार केलं का?' 'हो' आलं तर इंजिनियर येऊन पाहणार, आणि पसंत पडलं तर तेच दुसऱ्या गिरण्यांत बसवायची शिफारस करणार. 'नाही' आलं तर मालकाला बाहेरून तयार बॉयलर आणायला मदत. आणि ठळक अक्षरांत ताकीद होती की उत्तर सुचवू नये.

इंजिनियर येतात एवढंच मामांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी भट्टीपुढची जागा झाडून घेतली, हत्यारं पुसून ठेवली. "शिकलेला माणूस एकदा आंत वाकून बघील नं गे?" असं मला दोनदा विचारलं. त्यांना बढती नको होती, बक्षीस नको होतं. कुणी जाणत्याने ती भट्टी बघावी, एवढंच हवं होतं.

भट्टीचं काय ते फिटरलाच विचारा, म्हणून मालकाने मला मामांकडे धाडलं. मी सातवा प्रश्न विचारला.

"नवें काय गे करतों मी? बिघडलेलें होतें, सरि केलों. तेवढंच."

"नीट आठवून सांगा, मामा."

"आठवायचें काय? सरि केलों."

सगळं या एका उत्तरावर अडलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. पण नात्यातलं माणूस, म्हणून मी जास्तच कडक राहिले. प्रामाणिकपणाचा मला तेव्हा माज होता. मी 'नाही'वर खूण केली.

दोन दिवसांनी मन खाऊ लागलं तेव्हा तंजावरला आमच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "दुरुस्ती धरत नाहीत. सूचनांचं चौथं पान वाचा." मी म्हटलं, एकदा चला, ती वेष्टी तरी बघा. ते हसले. "वेष्टीला कुठल्या रकान्यात गुण देऊ?" हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे आरसाच हवा होता, कांकण कुणालाच नको होतं.

बॉयलर आला. वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? पण बिघडला की माणूस कोइमतूरहून यायचा आणि तोवर गिरणी बंद. मामांनी हात लावायचा नाही, असा करारच होता. जुनी भट्टी मालकाने त्यांनाच पाडायला सांगितली. त्यांनी विटा साफ करून रचून ठेवल्या. त्यानंतर फिटरचं काम उरलं नाही आणि मामा घरी बसले.

पुढच्या वर्षी अहवाल छापून आला. मी तो घेऊन गेले. का नेला, कोण जाणे. मामांनी हात धुऊन तो मांडीवर घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"माझी भट्टी कोणत्या पानावर गे?"

एखाद्या परिच्छेदावर बोट ठेवून मला वेळ मारून नेता आली असती. मी तक्ता उघडला. आमचा जिल्हा, भाताच्या गिरण्या, सातवा रकाना. मामांनी रकान्यावरून बोट खाली नेलं.

"शून्य मज वाचतां येतें," ते म्हणाले.

मग अहवाल मिटून माझ्या हातात दिला. "सरि. जेवून जा."

मी जेवले. मामींनी वडाम तळले होते. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि शेवटपर्यंत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.